बायका-मुलं आहेत खाली

“काका, वर फक्त फॅमिली,” वेटर म्हणाला, आणि शाजलीचा जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवलेला पाय तिथेच थबकला. पोरगा नवा होता, उद्धट मुळीच नव्हता. लिंबू सरबताच्या पेल्यांनी भरलेला ट्रे सांभाळत त्याने कोपरानेच खालची टेबलं दाखवली. “एकटेच आहात ना? मग इथे पंख्याखाली बसा की मजेत.” शाजलीने पाय मागे घेतला आणि मुकाट्याने पंख्याखाली जाऊन बसला. तिथे पत्ते खेळणारी माणसं होती, हुक्क्याचा धूर होता, टीव्हीवर आवाज बंद केलेली मॅच होती. ट्यूनिसमधल्या निम्म्या म्हाताऱ्यांची दुपार अशीच जाते, त्यात रडण्यासारखं काही नाही. पण हा जिना तो कित्येक वर्षं दर शनिवारी चढत आला होता. दुपारी चष्म्याचं दुकान बंद व्हायचं, भिंगं घासून पांढरी पडलेली बोटं तो धुवायचा, त्याची बायको नैला दोऱ्यांच्या बाजारातून पिशवी भरून यायची आणि दोघं वरच्या खिडकीत सरबत घेऊन बसायची. तेव्हा कुणी अडवलं नव्हतं. आपण फॅमिली आहोत हे त्याला कधी कुणाला सांगावं लागलं नाही, ते नैलाकडे बघूनच समजत होतं. म्हणजे इतकी वर्षं आपण तिच्या तिकिटावर वर जात होतो, हे त्याला आज कळलं. नैलाला जाऊन दीड वर्ष झालं होतं. तिकीट तिच्याबरोबरच गेलं होतं.

सरबत समोर आलं. ती असती तर या पोराला काय म्हणाली असती, असा विचार तो करू लागला. ‘का रे, फॅमिली काय वजनावर ठरवता? मग मी एकटीच दोघांएवढी भारी आहे.’ हो, असंच काहीतरी. ती चांगली भरलेली होती आणि त्याची तिला काडीची लाज नव्हती. वाक्य अगदी तिचं होतं, पण ते ऐकू आलं नाही. पेपरात छापल्यासारखं नुसतं दिसलं. शाजलीने दुसरं वाक्य घेतलं. ‘चष्मा कपाळावर आहे आणि घरभर काय शोधतोयस?’ हेही आलं, तसंच मुकं. तिचा चेहरा येत होता, हनुवटीवरचं फिकट गोंदण येत होतं, दातात दोरा धरून हसायची ती लकब येत होती. ओठ हलत होते आणि ऐकू काहीच येत नव्हतं, समोरच्या टीव्हीवरच्या पंचासारखं. शाजली घाबरला. माणूस मेलं ते एकदा समजून घेतलं होतं, मातीही हाताने लोटली होती. पण हे नवीनच होतं. ती कधी गेली कळलंही नाही अशी पुन्हा गेली होती, घरातून, रोजच्या वापरातून, त्याच्या कानातून. कुठे मागायचा आता तो आवाज? फोनवर बोलणं तिला आवडत नसे. कुणी आवाज भरून ठेवायला गेलं की म्हणायची, त्या डबड्यात मी कशाला जाऊन बसू. पुतण्याच्या लग्नाची फिल्म होती, त्यात ती खुर्चीवर बसून कुणाशी तरी भरभरून बोलते आहे आणि वरून ढोल वाजत आहेत. शेजारणींना विचारावं तर काय विचारणार? माझी बायको कशी बोलायची हो, जरा बोलून दाखवा? सरबत तसंच ठेवून तो उठला, आणि दारात असताना त्याला ते आठवलं. रोजची वाक्यं रोज वेगळी असतात. पण एक वाक्य असं होतं जे ती दर उन्हाळ्यात, एकाच जागी, एकाच तऱ्हेने ओरडून म्हणायची. त्या जागी जाऊन उभं राहिलं तर ते अजून तिथे असेल, असं त्याला वाटलं. खुळचट होतं हे. चष्म्याचा नंबर काढणाऱ्या माणसाला तर मुळीच शोभणारं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाब सादूनच्या अड्ड्यावरून शेअर टॅक्सीने बिझेर्तला गेला आणि तिथून दुसऱ्या गाडीने ऐन-रम्मानला. नैलाची दोऱ्यांची पिशवी बरोबर होती. तिच्यात पाव, दोन उकडलेली अंडी, हरीसाची, म्हणजे लाल मिरचीच्या चटणीची, छोटी बाटली आणि नाक्यावर घेतलेलं एक लहानसं कलिंगड. कलिंगडवाल्याने एवढंच का म्हणून विचारलं नाही, त्याचे उपकार वाटले. गावाच्या मागून शेळ्यांची वाट निघते आणि कड्याच्या काठाकाठाने जाते. खाली समुद्राने डोंगर कुरतडून लहान लहान खाचा केल्या आहेत आणि प्रत्येक खाचेत अंगणाएवढी वाळू आहे. वरून मात्र वाळू दिसत नाही, मधे झुडपांची दाटी आहे. म्हणून इकडे एक रीत आहे. उतरण्याआधी वर उभं राहून हाक घालायची, या सातिर, झाकून घेणाऱ्या देवा. घरात शिरताना बाप्ये घालतात तीच हाक, बायकांना सावरायला वेळ मिळावा म्हणून. खालून बाईच्या आवाजात उत्तर आलं, ‘बायका-मुलं आहेत!’ की डोकावायचं नाही, वळायचं आणि पुढची खाच बघायची. बाप्याचा आवाज आला तर बाप्ये आहेत, जायला हरकत नाही. काहीच आलं नाही तर जागा रिकामी, तुमची. खालच्या पुरुषाने उत्तर द्यायचं ते नुसते बाप्ये असतील तरच. बरोबर बायकामाणसं असतील तर त्याने गप्प बसायचं, उत्तर बाईचंच. एवढ्यावर हा सगळा किनारा वर्षानुवर्षं चालला आहे. पाट्या नाहीत, पहारा नाही, भांडण नाही.

लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात ती दोघं पहिल्यांदा इथे आली होती. शेवटच्या खाचेत, जिला गावात विहिणीची खाच म्हणतात. कुठल्या विहिणीची ते कुणालाच माहीत नाही. नैला कपड्यांसकट पाण्यात बसली होती, गळ्यापर्यंत, आणि वरून हाक आली. शाजलीने तिच्याकडे पाहिलं. तिने छाती भरून श्वास घेतला आणि ओरडली, ‘बायका-मुलं आहेत!’ वरची पावलं गेली. शाजली हसत सुटला. “बायका किती आणि मुलं किती ते तरी सांगायचं.” ती म्हणाली, “ते काय मोजायला येणारेत?” पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षी तेच. मधे बिझेर्तच्या आणि ट्यूनिसच्या दवाखान्यांत चकरा झाल्या, पाळणा हलावा म्हणून तिच्या मावशीने सात लाटा अंगावर घ्यायला सांगितल्या, त्याही तिने इथेच घेतल्या. एकेक लाट मोठ्याने मोजत आणि सहावीला ठसका लागून हसत. मग एका वर्षी दवाखाने थांबले. कुणी ठरवलं नाही, नुसते थांबले. उन्हाळे मात्र थांबले नाहीत. कलिंगड ओल्या वाळूत पुरायचं, ते थंड व्हायला, आणि खूण म्हणून तिची चप्पल वर ठेवायची. वरून हाक आली की ती तेच ओरडायची. शाजली पावाला हरीसा लावत बसलेला असायचा आणि मान वरही करायचा नाही.

पहिल्या खाचेवर त्याने हाक घातली तेव्हा त्याला आपलाच आवाज परका वाटला. खालून लगेच एका मुलीने उत्तर दिलं, आणि पाठोपाठ दोघी-तिघींची खसखस पिकली. तो वळला. दुसऱ्या खाचेतून बाप्यांचा गलका आला, “ये बाबा, ये, इथे कुणी नाही, सगळे अनाथ आहेत!” थोडं खाली उतरल्यावर झुडपातून चार तरुण पोरं दिसली, बिअरच्या बाटल्या दगडांच्या सावलीत ओळीने लावलेल्या. “अरे, हाजी आले हाजी! लपवा रे ते.” “लपवतोस काय, हाजींना विचार तरी. घेणार का हाजी एक घोट? थंड आहे.” शाजली म्हणाला, “हाजी म्हणतोस आणि वर घोट विचारतोस? एक काहीतरी ठरव.” पोरं खदखदून हसली. एकाने जागा करून दिली. “बसा ना काका. एकटे कुठे फिरताय उन्हात?” तो बसलाही असता. पोरं चांगली होती. पण त्यांनी रेडिओ लावला होता आणि त्याला आज कानात दुसरं काही नको होतं. “पुढे माणसं आहेत माझी,” तो म्हणाला. हे आपण का बोललो, याचा विचार करत तो पुढच्या चढणीला लागला. तिसऱ्या खाचेवर खालून एक करवादलेली बाई ओरडली, “आहेत, आहेत, बायका-मुलं आहेत, किती वेळा सांगायचं!” शाजलीने वरूनच माफी मागितली, ती वाऱ्यावर गेली असावी. तो चालत राहिला. उन्हात कडा पांढरा दिसत होता, आणि पहिल्यांदाच त्याच्या लक्षात आलं की या वाटेवर एकटा चालणारा पुरुष कसा दिसतो. मागे तो अशा माणसांकडे बघून नैलाला म्हणायचा, हा कशाला घुटमळतोय इथे, याला घरी काम नाही?

विहिणीच्या खाचेवर तो थांबला. पिशवी खाली ठेवली. घसा खाकरला. मग हाक घातली, चांगली मोठ्याने, रीतीप्रमाणे. आणि थांबला. रीतीने जेवढं थांबायचं असतं त्याहून बराच जास्त थांबला. झुडपांत किडे किरकिरत होते, खाली पाणी वाळूवर येऊन जात होतं. उत्तर आलं नाही. म्हणजे जागा रिकामी होती, त्याची होती, आणि त्याला उतरावंसं वाटेना. एखाद्या बाईने खालून ओरडून घालवून दिलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. तो बसत, टेकत उतरला. वाळूच्या कडेला समुद्रातल्या गवताचे वाळलेले तपकिरी ढीग तसेच होते, कड्यातून गोड्या पाण्याचा थेंब थेंब तसाच पडत होता. मधला मोठा खडकही तिथेच होता. त्याच्या आडोशाला नैला ओले कपडे बदलायची आणि पलीकडून सांगायची, बघू नकोस रे, जसं काही त्याने कधी पाहिलंच नव्हतं. हे वाक्यही आलं, तेही मुकं. शाजलीने ओल्या वाळूत हाताने खड्डा केला, कलिंगड पुरलं, आणि खुणेला काय ठेवावं हे न सुचून आपली डावी चप्पल ठेवली. ती तिथे फार मोठी दिसत होती. मग तो गवताच्या ढिगाला टेकून बसला आणि डोळे मिटून ऐकू लागला. पाण्याचा आवाज होता, पण पाणी कुठेही असंच वाजतं. त्याने मुद्दाम ऐकायचं सोडून दिलं, दुसऱ्याच गोष्टींचा विचार केला, वीजबिल, गच्चीची गळती, म्हणजे मागून कधीतरी गुपचूप ते वाक्य येईल. आलं नाही. असा किती वेळ गेला कोण जाणे. त्याला एकदम रडू आलं, आणि या रिकाम्या जागी रडायला हरकत नाही हे कळूनही त्याने ते गिळलं, इतकी सवय झाली होती.

आणि वरून हाक आली. “या सातिर!” जाड, दमलेला, बाप्याचा आवाज. शाजली पिशवीतून पाव काढत होता. त्याने मान वर केली नाही. तो गप्प राहिला, अगदी स्वस्थ, जसा प्रत्येक उन्हाळ्यात गप्प राहिला होता. उत्तर द्यायचं काम त्याचं नव्हतंच. “या सातिर! कुणी आहे का खाली?” शाजलीने पाव मोडला. मग झुडपं खडखडली, दगड घरंगळले, पोरांचा कलकलाट खाली येऊ लागला, आणि तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं की उत्तर गेलेलं नाही. तो धडपडत उठला. समोर एक दांडगा माणूस छत्री खांद्यावर घेऊन उभा, मागे त्याची बायको, ओढणी मानेवर उतरलेली, ती पटकन डोक्यावर घेणारी, कडेवर एक मूल, मागे आणखी तिघं, आणि सगळ्यांच्या मागे काठी टेकत एक म्हातारी. “अहो, दोनदा हाक घातली!” माणूस भडकला. “तोंड नाही का तुम्हाला? माझ्या घरच्या बायका आहेत बरोबर!” शाजलीच्या हातात पावाचे दोन तुकडे होते. “मला वाटलं, ती देईल,” तो म्हणाला. “ती कोण?” माणसाने खाच नजरेने धुंडाळली. तिथे दुसरं कुणी नव्हतं. एक पिशवी होती, एक चप्पल होती. “फतही, गप्प बस,” म्हातारी म्हणाली. ती पुढे आली आणि शाजलीकडे नीट पाहिलं, बाजारात मासा ताजा आहे का बघतात तसं. मग चपलेकडे पाहिलं. “ही काय भानगड? काही पुरलंबिरलं आहे का?” “कलिंगड आहे,” शाजली म्हणाला. “एवढ्याशा खड्ड्यात?” “लहान आहे.” म्हातारी म्हणाली, “कधी गेली?” शाजलीने सांगितलं. “देव तिला जागा देवो,” म्हातारी म्हणाली. “माझा म्हातारा गेला तेव्हा मी एक वर्ष त्याचा चहा ओतत होते. सुनेला विचारा. सिहाम, ओतत होते ना गं?” सून म्हणाली, “ओतत होता आणि प्यायला आम्हाला लावत होता.”

शाजली पिशवी आवरू लागला. बायकामाणसं आली, आता एकट्या पुरुषाने निघायचं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. पण म्हातारीने काठी आडवी धरली. “या उन्हात कुठे वर चढताय? मराल आणि आमच्या डोक्याला ताप. त्या खडकाच्या पलीकडे बसा, पाठ इकडे करून. पाठ करून बसलं म्हणजे झालं.” फतहीने तोंड वाकडं केलं, पण आईपुढे त्याचं काही चालत नसावं. शाजली खडकापलीकडे गेला आणि कड्याकडे तोंड करून बसला, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखा. मागे पाण्यात पोरं पडली, किंचाळ्या सुरू झाल्या. म्हातारी कुणाला तरी खोल जाऊ नकोस म्हणून शिव्या देत होती. कलिंगड कुणाला तरी सापडलं, त्यावरून मारामारी झाली. शाजली कड्यातल्या ओल्या रेषेकडे बघत राहिला. संपलं, त्याच्या मनात आलं. एवढ्या गोंगाटात आता काय ऐकू येणार. होती ती शांतताही गेली. आता ट्यूनिसला परतायचं आणि पंख्याखाली बसायचं, तिथली माणसंही कुणा ना कुणाला पुरूनच आलेली आहेत.

तेवढ्यात वरून पुन्हा हाक आली, दुसऱ्याच कुणाची. “या सातिर!” मागच्या गोंगाटातून सुनेचा आवाज चढला. पाण्यातून, मूल कडेवर घेऊन, हातातलं काम न सोडता ती ओरडली, “बायका-मुलं आहेत!” एका दमात, सपाट, जसं कुणी घराचा पत्ता सांगावा. वाऱ्याने ते वर पोचलं नाही. “या सातिर! आहे का कुणी?” “अगं बाई, सांगतेय ना! बायका-मुलं आहेत, बायका-मुलं!” आणि शाजली मनात म्हणाला, असं नाही. हे असं म्हणायचं नसतं. एका दमात नाही. बायका म्हटल्यावर जरा थांबायचं असतं. त्याची मान ताठ झाली. हे त्याला कसं ठाऊक होतं? कधीच तर लक्ष दिलं नव्हतं. पण ती थांबायची. पहिल्या वर्षांत नाही, तेव्हा तीही एका दमात ओरडायची. पुढे थांबायला लागली. ‘बायका’ जोरात, भांडखोर, छाती भरून. मग एक श्वास, पाण्यात पाऊल टाकण्याआधी घेतात तेवढाच. आणि मग ‘मुलं आहेत’, थोडं खालच्या सुरात, थोडं घोगरं, शेवटी हसल्यासारखं, कुणी मोजायला येणार नाही याची खात्री असल्यासारखं. कितीतरी उन्हाळे ती दर हाकेला तो श्वास घेत आली होती आणि तो पावाला हरीसा लावत होता. शाजलीने डोळे मिटले. “बायका,” नैला म्हणाली, त्याच्या अगदी पाठीमागे, पाण्यातून, अंगावर काटा यावा इतकी स्पष्ट. तो थांबला. तीही थांबली. “मुलं आहेत.”

वरची पावलं वळल्याचं ऐकू आलं. खडकाच्या पलीकडून म्हातारी ओरडली, “हाजी, तुमचं कलिंगड फोडलं हो पोरांनी! एक फोड ठेवलीय, येऊ का तिकडे द्यायला, की तुम्ही वळताय?” शाजलीचे गाल ओले होते आणि तोंडाला खारट चव आली होती. मागे पाण्यात एक बाई होती. वळून पाहिलं असतं तर ती सिहाम असती.

“तिथेच ठेवा,” तो म्हणाला, आणि तो वळला नाही.